आवाज न करणारी बाजू

वसईतल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचा पहिला शत्रू म्हणजे इथली खारी हवा. आतल्या पोकळीचा रंग एखाद्या कोपऱ्यात उडतो, पत्रा गंज धरतो आणि भात गरम करताना आत ठिणग्या उडायला लागतात. त्यानंतर नंबर लागतो उंदरांचा, दाराच्या चिकटलेल्या मायक्रोस्विचचा, जळलेल्या मायका शीटचा. पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी शिरलं की कंट्रोल कार्ड हमखास जातं. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेलं, नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या. ते पाणी ओसरल्यावर माझ्या दुकानासमोर फ्रिज, वॉशिंग मशीन आणि ओव्हन यांची रांग लागली होती. दुकान वसई पूर्वेला, गोखिवऱ्याच्या बाजूला. मूळ धंदा मोटर आणि ट्रान्सफॉर्मर रिवाइंडिंगचा, वालीव-सातिवलीच्या गाळ्यांमधून येणारं काम. घरगुती उपकरणं मागाहून आली. मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, गेला म्हटलं की गिऱ्हाईक हिशेब करतं, नवा ओव्हन घेतं आणि जुना दुकानातच सोडून जातं.

अशा सोडून दिलेल्या ओव्हनमध्ये एक नग बहुतेक वेळा धडधाकट असतो, तो म्हणजे त्याचा ट्रान्सफॉर्मर. तीन ते पाच किलोचा लोखंडी ठोकळा. स्टॅम्पिंगच्या पट्ट्या वेल्डिंगच्या रेघेने सांधलेल्या, एका बाजूला जाड तारेची प्रायमरी, दुसऱ्या बाजूला बारीक तारेची सेकंडरी, आणि मध्ये फिलामेंटसाठी दोन-तीन वेढ्यांची वायर. भंगारवाला तो किलोवर घेतो, पण आधी ब्लेडने तारेवरचं वॉर्निश खरवडून पाहतो. खाली तांबूस दिसलं तर तांबं, पांढरं चमकलं तर ॲल्युमिनियम. हल्ली ॲल्युमिनियमच जास्त निघतं. हा ठोकळा २३० व्होल्ट घेतो आणि साधारण २१०० व्होल्ट देतो, तेही अर्ध्या अँपिअरच्या आसपास. पुढे एक कपॅसिटर आणि एक डायोड मिळून ती वीज ४००० व्होल्टच्या घरात नेतात आणि मॅग्नेट्रॉनला देतात. एवढं सगळं होत असताना ठोकळ्यातून फक्त एक मंद गुणगुण ऐकू येते. ठिणगी नाही, वास नाही, उजेड नाही.

आमच्या धंद्यातला ओळखीचा एक मेकॅनिक या गुणगुणीजवळच जिवानिशी गेला. झाकण काढलेला ओव्हन चालू ठेवून तो काहीतरी तपासत होता, एवढंच आम्हाला कळलं. हात चांगला होता त्याचा, कामात घाई नसायची. त्याच्यानंतर मी दुकानातला प्रत्येक ओव्हन निराळ्या नजरेने बघू लागलो, आणि ही वस्तू आतून-बाहेरून समजल्याशिवाय तिच्यावर हात चालवायचा नाही असं ठरवलं.

पुढे शाळेतल्या एका विज्ञान शिक्षकांनी विज्ञान दिनासाठी काही करता येईल का असं विचारलं, तेव्हा टेस्ला कॉइल माझ्या डोक्यात आली. त्यामागे माझा स्वतःचा एक हट्टही होता. रिवाइंडिंगवाल्याचं सगळं आयुष्य ठिणगी पडू नये म्हणून वेढे घालण्यात जातं. लेदरॉईड पेपर, स्लीव्ह, वॉर्निश, शेवटी मेगरची तपासणी, सगळी धडपड त्यासाठीच. एकदा तरी ठिणगी पडावी म्हणून कॉइल गुंडाळायची होती. आणि ती कुठे पडेल, किती लांब पडेल, कोणाच्या हुकमाने पडेल, हे सगळं ताब्यात ठेवायचं होतं.

निकोला टेस्लाने ही कॉइल १८९१ साली न्यूयॉर्कमध्ये जगापुढे आणली. आमच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वाइंडिंगांना लोखंडी कोअर एकत्र बांधतो. टेस्लाच्या कॉइलमध्ये कोअरच नाही. मध्ये नुसती हवा. तरीही वीज अलीकडून पलीकडे जाते, कारण दोन्ही बाजूंची लय एक केलेली असते. वसईच्या माणसाला हे समजायला घंटा पुरे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी इथला किल्ला जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठ्यांनी देशावर नेल्या, आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा त्याच विजयाची खूण मानली जाते. एवढी अवजड घंटा एका हिसक्यात कोणी हलवू शकत नाही. तिच्या झोक्याची वेळ साधून दोर थोडा थोडा ओढत गेलं की एकटा माणूसही ती घुमवतो. टेस्ला कॉइलमध्ये कपॅसिटर आणि जाड तांब्याचे मोजके वेढे मिळून दोर ओढतात, आणि बारीक तारेची उंच कॉइल घुमते. फरक इतकाच की ही घंटा सेकंदाला दोन लाख झोके घेते.

ही कॉइल अभ्यासताना एक गोष्ट वाचून मी हरखलो होतो. १८९५ च्या सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी ठिणगीतून निघालेल्या अगदी आखूड लहरी भिंतीपलीकडे पाठवल्या आणि तिथली घंटा वाजवली, बंदुकीची दारू उडवली. ज्यांना आपण आज मायक्रोवेव्ह म्हणतो त्याच घराण्यातल्या त्या लहरी. म्हणजे या लहरी आपल्या देशात पहिल्यांदा ठिणगीतूनच निघाल्या. पुढे मॅग्नेट्रॉन आला, रडार आलं, १९४५ मध्ये पर्सी स्पेन्सरने मॅग्नेट्रॉनच्या लहरींवर अन्न शिजवायची युक्ती शोधली, आणि त्याच वाटेने ओव्हन घरोघर आला. आता त्या ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरला मी परत ठिणगीकडे घेऊन चाललो होतो.

काम दिवाळीनंतर काढलं, कारण पावसाळ्यात वसईच्या हवेत हाय व्होल्टेजचं काम करणं शहाणपणाचं नाही. ओलावा आणि मीठ यांचा पातळ थर कुठल्याही प्लॅस्टिकवर बसतो, वीज त्या थरावरून सरपटते आणि मागे काळी रेघ सोडते. एकदा ती रेघ पडली की पुढची वीज तिथूनच जाते. म्हणून ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आधी पाण्याने धुतला, बल्बच्या उबेत वाळवला आणि आतून-बाहेरून वॉर्निश केला. मग त्यावर २६ गेजची इनॅमल वायर, जवळपास हजार वेढे, एकाच थरात. हे वाइंडिंग म्हणजे साडेतीनशे मीटर तार अर्ध्या मीटरच्या उंचीत बसवणं. मशीन हळू फिरत होतं आणि तार नमद्याच्या तुकड्यातून माझ्या डाव्या अंगठ्याखाली येत होती. वेढ्याला वेढा असा चिकटला पाहिजे की मध्ये उजेड दिसू नये, आणि एकावर एक चढूही नये. चढलेला वेढा अंगठ्याला डोळ्यांच्या आधी कळतो. बारीकसा खडा बोटाखाली यावा तसं लागतं. मग मशीन थांबवायचं, दोन वेढे उलगडायचे, पुन्हा चालू. मोटरच्या स्लॉटमध्ये वेढे लपतात. इथे हजार वेढे उघड्यावर होते, आणि वरच्या वेढ्यापासून खालच्या वेढ्यापर्यंत लाखो व्होल्टचा उतार त्यांनी सांभाळायचा होता.

बाकी सामान वसईतच जमलं. प्रायमरीसाठी एसीवाल्यांकडची तांब्याची मऊ नळी, तिचे नऊ-दहा वेढे चकलीसारखे सपाट. वरचं गोल कडं किचन चिमणीच्या ॲल्युमिनियमच्या लवचिक पाइपचं. पल्स कपॅसिटर मात्र इथे मिळेनात. ओव्हनचे कपॅसिटर ५० हर्ट्झसाठी केलेले, दोन लाख हर्ट्झला ते आतून तापतात. म्हणून विरार फास्टने मुंबई सेंट्रल आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोड. पॉलिप्रॉपिलिनचे छोटे कपॅसिटर घेतले, माळा करून एकमेकांना जोडले आणि प्रत्येकावर एक रेझिस्टर टाकला, म्हणजे वीज बंद केल्यावर त्यांच्यात भार साठून राहणार नाही.

चार ट्रान्सफॉर्मर सिरीजमध्ये जोडायचे तर प्रत्येकाचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते आधी ठरवावं लागतं. डिमरस्टॅटवरून प्रायमरीला १० व्होल्ट दिले की सेकंडरीला ९० च्या आसपास येतात. दोन ट्रान्सफॉर्मर बरोबर जुळले तर मीटर १८० दाखवतो, उलटे जुळले तर शून्याजवळ. खरी अडचण निराळी आहे. या ट्रान्सफॉर्मरमध्ये सेकंडरीचं एक टोक कोअरलाच जोडलेलं असतं. मधल्या दोघांचे कोअर अर्थ करता येतात, पण कडेच्या दोघांचे कोअरच २००० व्होल्टवर तरंगतात, आणि त्यांची प्रायमरी एवढा ताण सोसण्यासाठी बांधलेली नसते. ते दोघे मी ट्रान्सफॉर्मर तेलाच्या टबात बुडवले. चौघांवर लाकडी पेटी, पेटीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली मेन स्विचच्या किल्लीच्याच जुडग्यात, म्हणजे लाइन चालू असताना पेटी उघडणं जमूच नये.

ठिणगीची फट, म्हणजे स्पार्क गॅप, ही दुसरी अडचण. दोन इलेक्ट्रोड समोरासमोर ठेवले तर ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर एवढा प्रवाह देतो की ठिणगी विझतच नाही, तिचा जाळ होऊन बसतो. म्हणून फिरती फट केली: हायलम शीटची जाड चकती, तिच्यावर टिग वेल्डिंगच्या टंगस्टन रॉडचे तुकडे, आणि २८०० आरपीएमची मोटर. ठिणगी सेकंदाला साडेतीनशेहून जास्त वेळा पेटते आणि तुटते. प्रवाह आवरण्यासाठी शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्यांचं जुनं वेल्डिंग मशीन सिरीजमध्ये घातलं, नाहीतर एमसीबी टिकली नसती. अर्थिंगसाठी दुकानामागे वेगळा खड्डा, तांब्याची प्लेट, मीठ आणि कोळसा. वसईत ओल फार खोल नसते आणि माती आधीच खारी, त्यामुळे अर्थ उत्तम मिळाला. घराच्या वायरिंगचा अर्थ मी मुद्दाम दूर ठेवला, नाहीतर शेजाऱ्यांच्या टीव्ही-फ्रिजपर्यंत कॉइलची वीज पोहोचली असती. चारी बाजूंना अर्थ केलेली चौकोनी जाळी उभी केली, म्हणजे रेडिओच्या लहरी बाहेर फार पसरू नयेत, आणि चालवायची तीही काही सेकंदच.

ट्यूनिंगला वेळ लागला. प्रायमरीच्या नळीवरचा क्लॅम्प अर्धा वेढा इकडे-तिकडे सरकवला की ठिणगी बोटभर होते किंवा हातभर. जुळली तेव्हा जाळीच्या आत जांभळट पांढऱ्या फांद्या फुटल्या, दीड हात लांब, आणि कडकडाट असा की कानावर मफ असूनही छातीत जाणवावा. हवेत ओझोनचा तिखट वास भरला. दुकानातली पोरं आनंदाने ओरडली. मलाही भरून आलं. इतकी वर्षं जी गोष्ट टाळण्यासाठी राबलो, ती इतकी सुंदर असते हे पहिल्यांदाच पाहत होतो.

पण माझी नजर त्या फांद्यांवर फार वेळ राहिली नाही. ती खाली, कुलपाच्या पेटीवर गेली. वर लाखो व्होल्ट होते, पण त्या विजेची सेकंदाला दोन लाख झोक्यांची गती आणि मागे असलेला अगदी थोडा साठा यामुळे ती हृदयाच्या ठोक्याला सहजी पकडत नाही. भाजते मात्र वाईट. तीच ठिणगी प्रायमरीवर उतरली तर खालची ५० हर्ट्झची वीज तिच्या वाटेने वर येऊ शकते, म्हणून प्रायमरीभोवती अर्थ केलेलं कडं लावावं लागतं. खालच्या पेटीत व्होल्टेज वरच्यापेक्षा कितीतरी कमी, पण मागे अर्धा अँपिअर, तोही ५० हर्ट्झचा, म्हणजे हृदयाची लय बिघडवायला सगळ्यात वाईट. घरातली आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळतीला तुटते, आणि आपण समजतो की आता काळजी नाही. पण ती पाहते फक्त तिच्यातून गेलेला आणि परत आलेला प्रवाह. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, सेकंडरीच्या वाटेत माणूस अडकला, तर अलीकडे फेज आणि न्यूट्रल यांचा हिशेब जुळतच राहतो. आरसीसीबीला काही कळत नाही. माणूस तिथे एकटा असतो.

ही गोष्ट फक्त माझ्या दुकानाची नाही. ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरने लाकडावर विजेची नक्षी जाळायची हौस जगभर पसरली आणि तिने इतके जीव घेतले की अमेरिकेतल्या लाकूड कातणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत ती बंदच केली. नक्षी सावकाश उमटते, दिसायला गोड, आणि हात क्लिपच्या जवळ. आपल्याकडे वसई रोडच्या यार्डात उभं राहून वर पाहा. चर्चगेट-विरार मार्गावर पूर्वी १५०० व्होल्ट डीसी होती. टप्प्याटप्प्याने बदल होत २०१२ मध्ये सगळी लाइन २५,००० व्होल्ट एसीवर गेली. तार तशीच दिसते, तेवढीच शांत. पण मालगाडीच्या टपावर चढलेल्या माणसाला आता तारेला हात लावावा लागत नाही, जवळ जाणं पुरतं. आमच्याकडची पोरं ठिणगी पाहिली की दोन पावलं मागे सरकतात, ते बरोबरच आहे. शांत तारेपुढे मात्र ती तशीच उभी राहतात.

२८ फेब्रुवारीला शाळेच्या आवारात कॉइल चालवली. त्याआधी शिक्षकांशी बसून नियम ठरवले होते. पेसमेकर असलेल्या कोणी जवळ यायचं नाही, मोबाइल बाहेर, मुलं दोरीच्या मागे, मेन स्विचवर माझा माणूस, आणि त्याचा हात स्विचवरून उठायचा नाही. मी समोरून बोलायचं, पण कॉइलला हात लावायचा नाही. कार्यक्रम झाला, टाळ्या झाल्या, वीज बंद केली. लाकडी दांड्याला अर्थची तार बांधलेला डिस्चार्ज रॉड कपॅसिटरवर टेकवला. मग मुलं दोरीच्या आत आली. सातवी-आठवीतली एक मुलगी कॉइलकडे न बघता पेटीकडे बघत होती.

"काका, धोक्याची पाटी खाली का लावलीय? वीज तर वर होती."

"वर होती ती तू पाहिलीस. खाली काय होतं?"

"खाली काहीच नव्हतं. नुसता आवाज येत होता, पंख्यासारखा."

"म्हणून पाटी तिथे आहे, बाळा. वरच्या ठिणगीला पाटीची गरज नाही, ती स्वतःच सांगते. खालची सांगत नाही, म्हणून तिच्या वतीने आपण सांगायचं."

तिने थोडा विचार केला आणि विचारलं, मग आमच्या घरात अशी कुठली वस्तू आहे? मी ओव्हन म्हटलं, इन्व्हर्टर म्हटलं, पाण्यात भिजलेला पंप म्हटलं. पुरात आत पाणी शिरलेला स्विचबोर्डही म्हटलं. ती सगळं लिहून घेत होती. त्या दिवशीचा माझा खरा पाठ तिच्या वहीत उतरला.

त्यानंतर कॉइल मी पुन्हा पुन्हा चालवत बसलो नाही. ती उघडली, ट्रान्सफॉर्मर सुटे केले, आणि त्यातला एक दुकानातल्या कपाटात शिकवण्यासाठी ठेवला. कॉइल शिकायची इच्छा घेऊन येणाऱ्या मुलांना मी ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरपाशी येऊ देत नाही. त्यांना बारा व्होल्टवर चालणारी ट्रान्झिस्टरची छोटी कॉइल करायला देतो. छोटी ट्यूबलाइट जवळ आणली की हातात ती उजळते, लय जुळवण्याचं सगळं शास्त्र त्यात येतं आणि कोणाचा जीव धोक्यात नसतो. ज्याला पुढे जायचं असेल त्याने आधी ते पूर्ण समजून घ्यावं, मग मोठ्या विजेकडे वळावं, आणि तेही जाणकार माणूस शेजारी असताना.

दुकानात मात्र बरंच बदललं. ओव्हनचं झाकण काढलेलं असताना प्लग भिंतीत नसतो. काय तपासायचं ते वीज बंद ठेवून तपासता येतं, तेवढं ज्ञान आम्ही मिळवलं आहे. ट्रान्सफॉर्मर ओमवर तपासतो, डायोड बॅटरीवर, मॅग्नेट्रॉनचं फिलामेंट मीटरवर. कपॅसिटरला आत रेझिस्टर असतो आणि तो हळूहळू स्वतः रिकामा होतो खरा, पण तो रेझिस्टर तुटलेला असू शकतो, म्हणून रॉड आधी, हात नंतर. आमच्याकडे कामाला येणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी सोल्डरिंग शिकवत नाही. त्यांच्यासमोर ओव्हन, मिक्सर, इन्व्हर्टर ठेवतो आणि विचारतो, यातली आवाज न करणारी बाजू कुठली? आवाज कुठून येतो हे प्रत्येक जण सांगतो. पण साठा कुठे आहे, कुठे लपलेला आहे आणि तो किती वेळ टिकतो, हे ज्याला सांगता येतं, त्याच्या हाती मी स्क्रूड्रायव्हर देतो.

दुरुस्तीचं काम शिकवणाऱ्या प्रत्येकाला, आयटीआयच्या शिक्षकांपासून गल्लीतल्या मेकॅनिकपर्यंत, माझं एवढंच सांगणं आहे. आपल्या भागात दर पावसाळ्यात पाणी भरतं, आणि दर पावसाळ्यानंतर भिजलेली उपकरणं पोरांच्या हातात येतात. त्यांना ठिणगीची भीती घालायची गरज नाही, ती त्यांना आपसूक वाटते. जी वस्तू दिसायला काहीच करत नाही, तिच्यापुढे थांबायची सवय मात्र कोणीतरी लावावी लागते, आणि ते काम आपलं आहे.